जर्मनचं ताट

आमच्या गोठ्यात दावणीच्या वर एक कोनाडा होता. त्यात पेंडीचं माप, म्हशीच्या शिंगांना लावायच्या तेलाची बाटली आणि एक जर्मनचं ताट असायचं. ॲल्युमिनियमला आमच्या खटावच्या बाजूला अजूनही जर्मनच म्हणतात. काठाला एका अंगानं पोचा, मधोमध पांढुरके डाग. त्या ताटात कुणी जेवत नसे, गुरांना त्यात काही घालत नसत आणि ते मोडीतही जात नसे. लहानपणी एकदा मी ते भातुकलीला उचललं, तर आजीनं हातातून हिसकून घेतलं आणि माझे हात राखेनं दोनदा धुतले.

"तात्याचं हाय ते," एवढंच म्हणाली.

तात्या म्हणजे तिचा धाकटा दीर. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला तो क्षयानं गेला. काही महिने मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात होता, मग पैसे संपले आणि घरी आला. सोप्याच्या कोपऱ्यात त्याची वाकळ, त्याचा तांब्या आणि बाजारातून खास त्याच्यासाठी आणलेलं ते ताट. तो गेल्यावर वाकळ जाळली, तांब्या नदीत टाकला. ताट का राहिलं ते आजीलाही सांगता यायचं नाही. मला वाटतं, पुन्हा लागेल म्हणून राहिलं असावं.

आजीचं पंचांग साथींचं होतं. तिचा थोरला भाऊ 'पिलेगात माळावर' झालेला. ती स्वतः मानमोडीच्या साली आठ वर्षांची होती, म्हणजे १९१८ साली. कुणाचं लग्न, कुणाची वाटणी, कुठली विहीर कधी खणली, सगळं या खुणांवरून. रात्री शेंगा फोडायला बसलो की ती प्लेगाचं सांगायची. त्यातलं थोडं तिनं पाहिलेलं, बरंचसं तिच्या आईकडून ऐकलेलं.

"उंदीर आड्यावरनं खाली पडला आन् तिथंच फिरत मेला, की भाकरी तव्यावर टाकून घर सोडायचं. कुलूप न्हाई, काय न्हाई. माळावर खोपटी घालायची. तुराट्याची. आन् गावात मागं कोण ऱ्हायला तर त्येला हाळी मारायची, पर जवळ जायाचं न्हाई."

पुढे डी.एड.च्या पुस्तकांत मी त्याच गोष्टीची दुसरी बाजू वाचली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरं बाटली, बायकांच्या जांघा-काखा तपासल्या गेल्या, आणि २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकतो. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचल्या होत्या, आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. ही दुसरी गोष्ट मी शाळेत असताना आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आत्यानं सांगितली.

आत्या मिरजेला सिस्टर होती. सणाला आली की आजीच्या गोष्टींत तिच्या गोष्टी मिसळायच्या. क्षयाच्या, पण जास्त करून महारोगाच्या. ती सांगायची, नवी औषधं आल्यावर माणसं बरी व्हायला लागली, कागदावर बरी झाल्याचं लिहून मिळायला लागलं, आणि तरी न्यायला कुणी येईना. एक बाई दोन वर्षं रोज संध्याकाळी लुगड्याची घडी घालून, गाठोडं बांधून बसायची. पोस्टकार्डं पाठवली, उत्तर नाही. शेवटी आत्या स्वतः तिला घेऊन तिच्या गावी गेली, तर मुलानं वेशीवरच हात जोडले. म्हणाला, "आई गेली असं सांगूनच पोरीचं लग्न जमवलंय."

आजीवर मी बरीच वर्षं मनातून रागावलेली होते. आता तो राग तसा उरलेला नाही. तिचा नियम तिनं हवेतून काढला नव्हता. उंदीर पडल्यावर ज्यांनी घर सोडलं ती माणसं वाचली, ज्यांना घराचा मोह सुटला नाही ती गेली. हे तिच्या आईनं मोजून पाहिलेलं होतं. प्लेगापुरता हा नियम खराही होता. क्षयाला बऱ्यापैकी खरा होता. ताटाला नाही, पण खोकणाऱ्याच्या जवळ कोंदट खोलीत पोरांनी निजू नये याला अर्थ होता. माझ्या घरातल्या तीन पिढ्या या शहाणपणावर जगल्या. मग एक आजार असा आला की त्याला हा नियम कुठूनच लागू नव्हता, आणि आमच्यापाशी दुसरा नियम नव्हता.

दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, १९९५ च्या शिमग्याला मुंबईहून आला तो परत गेलाच नाही. त्याचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि कामगारांसाठी तो कधी संपलाच नाही. चुलते गावी परतले, विशीतल्या दादानं वाशीच्या मार्केटला माथाडीचं काम धरलं. आमच्या भागातली माणसं मुंबईत जशी राहायची तसाच तो राहिला: गावकीचा गाळा, एका खोलीत पंचवीस-तीस जण, ट्रंकांची चळत, पाळीनं झोप, खानावळीचं जेवण. बायको गावाला. वर्षातून दोनदा सुट्टी, जत्रेला आणि गणपतीला. अशा रचनेत माणसाला किती वर्षं ठेवलं आणि त्याबद्दल कुणाला काही विचारावंसंही वाटलं नाही, याचा हिशेब कुणी मांडत नाही. दादानं काय केलं असेल याची चर्चा मात्र गावानं पारावर बसून केली.

आधी पाठीवर नागीण उठली. गेरू लावला, मंत्र घातला. मग जुलाब, मग तोंडात पांढरे चट्टे, भाकरी गिळवेना. देवरुशाकडे जाऊन आलो, त्यानं करणी सांगितली, आणि खरं सांगते, करणी म्हटल्यावर घरातल्या माणसांना हायसं वाटलं होतं. करणीला उतारा असतो. शेवटी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरनं दादाला काही सांगितलं नाही. चुलत्यांना पायरीवर बोलावलं, फायलीवर लाल शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दाखवलं आणि म्हणाला, "घरी न्या. भांडीकुंडी वेगळी ठेवा."

त्या वेळी एस.टी. स्टँडवर या आजाराच्या पाट्या असत. कवटी, दोन हाडं आणि मृत्यू हा शब्द. आजार कसा होतो ते खाली बारीक अक्षरांत. कशानं होत नाही, ते आणखी बारीक. माणसं कवटी बघून पुढे जात.

आम्ही गावात सांगितलं, टीबी झालाय. मी हे पुष्कळदा मनात घोळवते. ज्या क्षयाचं नाव घ्यायला पन्नास वर्षांपूर्वी याच घराची जीभ रेटत नव्हती, ज्याच्यापायी तात्याच्या पुतणीचं जमलेलं लग्न मोडलं होतं, तोच क्षय आता आमच्या अब्रूवर पांघरूण घालायला आला. टीबी अगदी घरंदाज आजार झाला होता. दादाला टीबीही झालेलाच होता, म्हणजे आम्ही खोटं बोललो असंही नाही.

आणि चुलते मला म्हणाले, "गोठ्यातलं ते ताट आण घासून."

मी एकोणीस वर्षांची होते. पुस्तकात वाचलेलं होतं की हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. ताटातून, हात लावण्यातून, एका न्हाणीतून होत नाही. परीक्षेला आलं असतं तर पुरे मार्क मिळाले असते. मी न्हाणीपाशी बसले, चिंच आणि राख घेतली आणि ते ताट घासलं. पांढुरके डाग निघेनात म्हणून पुन्हा घासलं. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

आमच्याच घरात हे झालं असं मला त्या वेळी वाटायचं. पण कितीतरी थोरामोठ्यांनी हेच केलं होतं, कायद्याच्या भाषेत. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी या आजाराची देशातली पहिली लागण शोधली. तीन वर्षांच्या आत गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी बोलावून ताब्यात घेतलं. गुन्हा काही नव्हता. तो नियमानं रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात हा विषाणू निघाला होता, तेही त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद करून ठेवलेली होती. त्याला कुठं ठेवलं? म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात. ६४ दिवस. हे वाचलं तेव्हा मला आमचा कोनाडा आठवला. सरकारनंही क्षयाच्या रोग्याचंच ताट काढून घासून दिलं होतं.

डॉमिनिकची आई लुसी डिसोझा कोर्टात गेली. न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं तो बाहेर आला, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं कायदा मात्र वैध ठरवला. एकाच्या हक्कापेक्षा समाजाचं हित मोठं, असा त्याचा रोख. माळावरच्या खोपटीत माझ्या पणजीनं हाच निवाडा दिला असता; पण तिच्यासमोर उंदीर होता. डॉमिनिकची नोकरी गेली. पुढं त्यानं आपल्यासारख्या माणसांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करायला घेतली आणि १९९२ मध्ये तो गेला.

पावसाळ्यात आत्या आली. दादाला सोप्यात बघितलं, ताट बघितलं, काही बोलली नाही. पाणी तापवलं, दादाची पाठ स्वतःच्या हातानं धुतली, पुसली, खोबरेल लावलं. मग आजीपाशी येऊन बसली. हा संवाद मी चुलीपुढे बसून ऐकलेला आहे.

"आई, पिलेगात काय पडायचं?"

"उंदीर."

"मग हितं उंदीर कुठाय?"

आजी विचारात पडली. आत्यानं घाई केली नाही. म्हणाली, "ह्याचा उंदीर रगतात हाय. ताटात न्हाई, वाकळंत न्हाई. ह्याच्यासंगं बसून जेवलीस तर तुला काय बी व्हायचं न्हाई. त्येचा दात घासायचा ब्रश आन् दाढीचं पातं तेवढं येगळं ठेवा."

विषाणू, प्रतिकारशक्ती, संसर्गाचे मार्ग, हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्याचा घरात काडीचा उपयोग झाला नव्हता. आजीला तिच्याच अनुभवातून कळलं. पंच्याऐंशीच्या त्या बाईनं काठी टेकत सोप्यात जाऊन दादाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पोरा, उद्यापासनं आत जेवायला बस."

दादा बसला नाही.

आम्ही स्टीलचं ताट वाढलं तर तो भाकरी हातावर घ्यायचा. जर्मनचं ताट त्यानं उशाशी ठेवलं होतं. स्वतः घासायचा, स्वतः भिंतीला उभं करायचा. दुसऱ्या कुणी उचललं तर ओरडायचा. त्याची पोरगी चार वर्षांची, ती पळत त्याच्या मांडीत शिरायला गेली की पाय पोटाशी घेऊन आखडून बसायचा, म्हणायचा, "लांब, लांब." आत्यानं समजावलं, रागावली, एकदा रडली. तो म्हणायचा, "आक्का, तू म्हणतीस ते खरं असंल. पर माझं मला नको."

घरानं त्याच्याभोवती आखलेली रेघ पुसायला घर तयार झालं, तेव्हा ती त्याच्या आत उतरलेली होती. पुढं शिक्षिका म्हणून मी असे आजार असलेल्या घरातली दोन-तीन मुलं पाहिली, त्यांचे आईबाप पाहिले. उपचार घ्यायला न जाणारी, चाचणीच नको म्हणणारी, लेकरापासून तोंड फिरवणारी माणसं. बाहेरच्यांना ती हट्टी वाटतात. त्यांना शिक्षा कुणी दिली हे विसरून जाता येतं, कारण आता ती स्वतःच ती भोगत असतात.

दादा १९९७ च्या मार्गशीर्षात गेला. त्याच्या आधीच्या वर्षी जगात तीन औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला होता आणि मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला लागली होती. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. आम्ही ते ऐकलंही नव्हतं. २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीनं ती औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारनं ती मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. वाशीहून लोकलनं तासाभरावर.

वहिनीबद्दल लिहायचं तर मला अजून अवघड जातं. दादाच्या तेराव्याला बायका कुजबुजत होत्या की हिनंच खाल्लं. जी वर्षातून दोन वेळा नवऱ्याला भेटत होती तिनं. तिचंही रक्त तपासलं गेलं, तीही पॉझिटिव्ह निघाली, पोरगी सुदैवानं निघाली नाही. चुलत्यांनी वाईट वागवलं नाही. फक्त सात-बाऱ्यावर वारसाची नोंद लावायचं राहून गेलं, आणि राहून राहून ती माहेरी निघून गेली. सव्वीस वर्षांची. ती नोंद आत्यानं चार वर्षं तलाठ्याकडे खेटे घालून लावून घेतली.

त्या काळात आत्या आम्हाला सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायकांचं सांगायची. गावं ज्यांना या आजाराचं मूळ म्हणत होती, त्याच बायका संग्राम संस्थेबरोबर काम करून निरोध वाटत होत्या, गिऱ्हाइकाला ठणकावत होत्या, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेऊन तिच्या उशाशी बसत होत्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. आत्या म्हणायची, "आपल्या वहिनीपाशी बसायला आपल्या घरातलं कोण गेलं?" कुणी गेलं नव्हतं. मीही नाही. माझं लग्न ठरायचं होतं आणि घरात त्या आजाराचं नाव निघू नये एवढीच सगळ्यांना काळजी होती.

१९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं एका मजुराच्या बाजूनं निकाल दिला होता. केवळ लागण आहे म्हणून, काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला कामावरून काढता येणार नाही. त्या निकालात त्या मजुराचं नाव नाही. दोन अक्षरं आहेत फक्त. नाव लपवून लढायची परवानगी न्यायालयानंच दिली, आणि ते बरोबरच होतं. नाव उघडं करून न्याय मिळवायचा तर न्याय मिळाल्यावर त्यानं राहायचं कुठं? आता २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी, संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायला बंदी. पायरीवर उभं राहून बापाला फाईल दाखवणारा तो डॉक्टर आज कायदा मोडणारा ठरेल.

वहिनी आज आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना या आजाराची गोष्ट मरणावरच संपते असं वाटतं. जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र निघालं तेव्हा ती हाडं-कातडं उरली होती. औषधांनी उठली. सुरुवातीच्या गोळ्या दिवसातून दोनदा असत, अगदी वेळेवर. घड्याळ नव्हतं, मग सकाळची गोळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांना आणि संध्याकाळची देवापुढं दिवा लावताना. त्यातल्या एका औषधानं तिचे गाल बसले, तळपाय जळायचे. बसलेले गाल बघून माहितगार माणूस ओळखायचा. जे औषध जीव वाचवत होतं तेच गावभर सांगत होतं. पुढं ते बदललं. आता रात्रीची एकच गोळी, आणि रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी.

गेल्या दिवाळीत मी तिच्या लेकीच्या घरी गेले होते. वहिनी तिथंच असते. बाटलीवरचं लेबल ती खरडून काढते, गोळ्या बाटलीत वाजतात म्हणून मिसरीच्या डबीत भरते आणि डबी कमरेच्या पिशवीत. लेकीला सगळं ठाऊक आहे. जावयाला नाही. रात्री लेक स्वयंपाकात होती, आम्ही दोघी ओसरीवर. मी आत्याचा विषय काढला, ती जाऊन पाच वर्षं झाली. मग किती दिवसांचं मनात होतं ते बोलून टाकलं.

"वहिनी, ते जर्मनचं ताट मी घासलं होतं. मला तेव्हा ठाऊक होतं, तरी घासलं."

"हां," वहिनी म्हणाली. "घासताना मी बघत हुते. तेचं काय न्हाई, तुमी नसतं घासलं तर मला घासाय लागलं असतं." डबीचं झाकण उघडून तिनं गोळी तळहातावर घेतली. "पर ताई, तुमी ते हातानं न्हाई दिलंत. भाकरी वाढून उंबऱ्याच्या अल्याड ठिवलंत, आन् केरसुणीनं आत ढकललंत."

मला हे आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. न्हाणीचा दगड, चिंच, राख, सगळं डोळ्यांपुढं येतं, आणि त्याच्या पुढचं काहीच येत नाही.

ओसरीच्या पायरीवर चपला वाजल्या. जावई आला होता. वहिनीनं गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, डबी पिशवीत सरकवली आणि पदर सारखा करत मला विचारलं, "मग घेवडा औंदा काय भावानं गेला तुमच्याकडं?"